इमेज इम्पीडन्स समजून घेऊन पहिला फिल्टर कसा आखावा

फिल्टरच्या आखणीकडे नव्याने वळलेल्या वाचकाला तयार सूत्रे सहज सापडतात. त्यांत आकडे घातले की इंडक्टर आणि कपॅसिटर यांची मूल्ये मिळतात, पण प्रत्यक्ष जोडलेले सर्किट मात्र पुष्कळदा कागदावरच्या आलेखाप्रमाणे वागत नाही. या तफावतीचे मूळ बहुधा सूत्रात नसते. फिल्टरचे दोन भाग जिथे एकमेकांना मिळतात त्या सांध्यांत, आणि फिल्टर ज्या दोन रोधांच्या मध्ये बसवला जातो त्या टोकांवर ते शोधावे लागते. इमेज इम्पीडन्स ही कल्पना नेमकी या सांध्यांविषयीच आहे. या लेखात ती आधी दोन साध्या रेझिस्टरांवर तपासू आणि मग तिच्या आधाराने ६०० ओहम व ४००० हर्ट्झ यांसाठी एक लो-पास, म्हणजे कमी वारंवारता पुढे जाऊ देणारा, फिल्टर टप्प्याटप्प्याने उभा करू. वाचकाला एकसर आणि समांतर जोडणीचे हिशेब येतात, आणि इंडक्टरचा रिअॅक्टन्स धन तर कपॅसिटरचा ऋण धरतात एवढे ठाऊक आहे, असे येथे गृहीत धरले आहे.

पहिली पायरी : दोन रेझिस्टरांवर व्याख्या तपासणे

दोन टोके आत येणारी आणि दोन टोके बाहेर जाणारी अशी कोणतीही जोडणी घ्या. तिला टू-पोर्ट म्हणतात. तिच्या प्रत्येक बाजूला एक इमेज इम्पीडन्स असतो आणि त्या दोहोंची व्याख्या एकमेकांत गुंतलेली असते. दुसऱ्या बाजूला तिचा स्वतःचा इमेज इम्पीडन्स भार म्हणून जोडला असता पहिल्या बाजूने जो इम्पीडन्स दिसतो तो पहिल्या बाजूचा इमेज इम्पीडन्स होय. आणि पहिल्या बाजूला तो जोडला असता दुसऱ्या बाजूने दुसरीचाच दिसला पाहिजे. वाचताना ही व्याख्या स्वतःचीच शेपटी पकडल्यासारखी वाटते, म्हणून ती आकड्यांनी पाहावी हे उत्तम.

एकसर शाखेत ३६ ओहम आणि त्यानंतरच्या शंट, म्हणजे दोन तारांच्या मध्ये आडव्या जोडलेल्या, शाखेत ६४ ओहम अशी एल आकाराची जोडणी करा. पहिल्या, म्हणजे ३६ ओहमच्या बाजूने पाहताना दुसरी बाजू मोकळी ठेवली तर १०० ओहम दिसतात आणि दुसरी बाजू शॉर्ट केली तर ३६ ओहम दिसतात. या दोन मापांच्या गुणाकाराचे वर्गमूळ, म्हणजे ६० ओहम, हा पहिल्या बाजूचा इमेज इम्पीडन्स. दुसऱ्या बाजूने पाहताना पहिली बाजू मोकळी असेल तर ६४ ओहम आणि शॉर्ट असेल तर ३६ व ६४ समांतर, म्हणजे २३.०४ ओहम दिसतात. त्यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ ३८.४ ओहम.

आता पडताळा घ्या. दुसऱ्या बाजूला ३८.४ ओहम जोडले की ते ६४ ओहमशी समांतर होऊन २४ ओहम होतात, आणि त्यांत ३६ मिळवले की बरोबर ६० येतात. उलट बाजूने ६० आणि ३६ मिळून ९६ ओहम, आणि ते ६४ ओहमशी समांतर जोडले की ३८.४. व्याख्येतील गुंता येथे सुटतो. कोणत्याही टू-पोर्टसाठी लक्षात ठेवण्याचे सूत्र एवढेच :

इमेज इम्पीडन्स = √(मोकळ्या टोकाचे माप × शॉर्ट टोकाचे माप)

त्याच दोन मापांच्या भागाकाराचे वर्गमूळ क्षीणन सांगते. येथे √(३६ ÷ १००) = ०.६, आणि ज्या संख्येचा हायपरबोलिक टॅन्जंट ०.६ आहे ती ०.६९३ नेपर (नैसर्गिक लॉगवर आधारलेले क्षीणनाचे एकक), म्हणजे ६.०२ डेसिबल. शक्तीचा थेट हिशेब केला तरी भाराला आत आलेल्या शक्तीचा बरोबर चौथा हिस्सा मिळतो.

नवख्यांची एक गल्लत येथेच होते. एकसारखे असंख्य भाग एकाच दिशेने तोंड करून जोडत गेलो तर जो इम्पीडन्स दिसतो त्याला इटरेटिव्ह इम्पीडन्स म्हणतात, आणि वरच्या जोडणीसाठी तो सुमारे ६९.३ ओहम येतो, ६० नव्हे. इमेज इम्पीडन्ससाठी भागांची साखळी निराळ्या रीतीने कल्पावी लागते. पुढचा प्रत्येक भाग आधीच्या भागाच्या आरशातील प्रतिबिंबासारखा उलटा जोडलेला असतो, म्हणून प्रत्येक सांध्यावर दोन्हीकडे पाहिले असता सारखेच दृश्य दिसते. ‘इमेज’ हे नाव याच प्रतिबिंबावरून आले आहे. जोडणी दोन्ही बाजूंनी सारखी असेल तर हे दोन इम्पीडन्स एकच होतात आणि त्याला कॅरॅक्टरिस्टिक इम्पीडन्स म्हणतात.

दुसरी पायरी : मूळ टी-भागाची मूल्ये काढणे

या पद्धतीचा उगम टेलिफोनच्या लांब तारांत आहे. क्षीणन कमी करण्यासाठी तारेत ठराविक अंतरावर कॉइल घातल्या, तेव्हा एका वारंवारतेपलीकडे ती तार काही जाऊच देत नाही असे दिसून आले. या विषयावर काम करणारे अमेरिकेतील ए. टी. अँड टी. कंपनीचे जॉर्ज कॅम्पबेल यांनी तारेच्या जागी मोजक्या इंडक्टर आणि कपॅसिटरांची शिडी घेऊन फिल्टर सिद्ध केला, आणि १९१७ मध्ये त्यांना त्याची पेटंटे मिळाली. एकसर आणि शंट शाखांच्या इम्पीडन्सचा गुणाकार सर्व वारंवारतांना स्थिर राहतो, म्हणून या प्रकाराला पुढे कॉन्स्टंट-के हे नाव पडले.

लो-पास प्रकारात एकसर शाखेतील एकूण इंडक्टन्स एल, शंट कपॅसिटन्स सी, नाममात्र रोध आर आणि कटऑफ वारंवारता, म्हणजे जिच्यापलीकडे फिल्टर अडवू लागतो ती, एफ मानली, तर

एल = आर ÷ (३.१४१६ × एफ)
सी = १ ÷ (३.१४१६ × एफ × आर)

आर ६०० ओहम आणि एफ ४००० हर्ट्झ घेतल्यास एल ४७.७५ मिलिहेन्री आणि सी १३२.६ नॅनोफॅरड येतो. टी-भाग करताना एल मधोमध विभागायचा असतो, म्हणजे दोन्ही बाजूंना प्रत्येकी २३.८७ मिलिहेन्री आणि मध्ये पूर्ण सी. पाय-भाग करताना याउलट एल अखंड राहतो आणि दोन्ही टोकांना सी-चा निम्मा निम्मा हिस्सा येतो. ही विभागणी विसरून टी-भागाच्या दोन्ही बाजूंना पूर्ण एल बसवला की कटऑफ खाली सरकतो. सूत्रे पाठ असूनही ही चूक वारंवार होते.

तिसरी पायरी : वारंवारतेबरोबर काय बदलते ते पाहणे

रेझिस्टरांच्या उदाहरणात इमेज इम्पीडन्स एकच आकडा होता, फिल्टरमध्ये मात्र तो वारंवारतेबरोबर बदलतो, आणि या विषयाचा सगळा कस तेथेच लागतो.

आपला टी-भाग २००० हर्ट्झला तपासा. दुसरे टोक मोकळे असताना उणे ३०० ओहम रिअॅक्टन्स दिसतो, म्हणजे जोडणी कपॅसिटरसारखी वागते. ते शॉर्ट असताना अधिक ९०० ओहम दिसतो, म्हणजे ती इंडक्टरसारखी वागते. इम्पीडन्समध्ये रिअॅक्टन्स काल्पनिक संख्या म्हणून येतो आणि √−१ चा वर्ग उणे एक असतो; त्यामुळे चिन्हे विरुद्ध असलेल्या दोन रिअॅक्टन्सचा गुणाकार धन वास्तव संख्या देतो, म्हणून वर्गमूळ सुमारे ५२० ओहम आणि तेही शुद्ध रोध. सर्किटमध्ये एकही रेझिस्टर नसताना रोध कुठून आला, असा प्रश्न येथे पडायलाच हवा. त्याचे उत्तर असे की दारातून आत शिरलेली ऊर्जा आत कुठेही जळत नाही, ती पुढच्या भाराकडे निघून जाते. परंतु दाराशी उभ्या असलेल्या उगमाला गेलेली ऊर्जा आणि जळलेली ऊर्जा यांत फरक करता येत नाही.

आता ८००० हर्ट्झला पाहा. मोकळ्या टोकाने अधिक १०५० ओहम आणि शॉर्ट टोकाने अधिक १०२९ ओहम, दोन्ही इंडक्टरसारखेच. सारख्या चिन्हांच्या दोन रिअॅक्टन्सचा गुणाकार ऋण होतो, म्हणून इमेज इम्पीडन्स निव्वळ रिअॅक्टन्स, सुमारे १०३९ ओहम राहतो, आणि ऊर्जा आत न शिरता परत फिरते. पासबँड (फिल्टर जाऊ देतो तो पट्टा) आणि स्टॉपबँड (अडवतो तो पट्टा) यांची सीमा या पद्धतीत अशी ठरते : दोन मापांची चिन्हे विरुद्ध असतील तोवर पासबँड, सारखी झाली की स्टॉपबँड.

वारंवारता आणि कटऑफ यांच्या गुणोत्तराला ग म्हणू. टी-बाजूचा, म्हणजे टोकाला एकसर शाखा असलेल्या बाजूचा, इमेज इम्पीडन्स आर × √(१ − ग²) असतो आणि टोकाला शंट शाखा असलेल्या पाय-बाजूचा आर ÷ √(१ − ग²). म्हणजे आपल्या फिल्टरची टी-बाजू अगदी कमी वारंवारतेला ६०० ओहमजवळ असते, २००० हर्ट्झला ५२०, ३२०० हर्ट्झला ३६०, ३६०० हर्ट्झला २६२ आणि ४००० हर्ट्झला शून्य. पाय-बाजू याच वारंवारतांना ६९३, १००० आणि १३७७ ओहम असे चढत जाऊन कटऑफला अनंताकडे झेपावते. टी-बाजू टी-बाजूला आणि पाय-बाजू पाय-बाजूलाच जोडावी, हा नियम या आकड्यांवरून आपोआप निघतो. ३२०० हर्ट्झला ३६० ओहमच्या बाजूला १००० ओहमची बाजू जोडली तर त्या सांध्यावर परावर्तन होणारच.

चौथी पायरी : टोकांवरचा दोष मोजणे

भागाभागांतले सांधे असे जुळवता येतात, पण दोन टोकांना ६०० ओहमचे साधे रेझिस्टर असतात आणि ते काही वारंवारतेबरोबर आपले मूल्य बदलत नाहीत. इमेज सिद्धांताचे क्षीणनाचे सूत्र मात्र टोकेही जुळलेली आहेत असे धरूनच लिहिलेले असते. नवशिक्याचा भ्रमनिरास होतो तो येथे, म्हणून या जागी थोडे थांबू.

सूत्रानुसार ४००० हर्ट्झपर्यंत क्षीणन शून्य आणि त्यापुढे ते २ × लॉग(ग + √(ग² − १)) नेपर असते, जेथे लॉग नैसर्गिक आहे. ५००० हर्ट्झला ग १.२५, कंसातील बेरीज बरोबर २, म्हणून क्षीणन १.३८६ नेपर, अर्थात १२ डेसिबल. ८००० हर्ट्झला हाच हिशेब २२.९ डेसिबल देतो.

प्रत्यक्षात काय होते? आपल्या टी-भागाची मूल्ये ६०० ओहम आणि ४००० हर्ट्झ यांच्या मापात मांडली तर ती १, २, १ अशी येतात, आणि हीच तिसऱ्या क्रमाच्या बटरवर्थ (पासबँडमध्ये शक्य तितका सपाट वक्र देणाऱ्या) फिल्टरची मूल्ये आहेत. दोन निराळ्या सिद्धांतांतून एकच सर्किट हाती यावे याची मला आजही गंमत वाटते. त्यामुळे ६०० ओहमच्या रेझिस्टरांमधील खरी घट नेमकी काढता येते : ३२०० हर्ट्झला १ डेसिबल, ३६०० हर्ट्झला १.८५, ४००० हर्ट्झला ३, ५००० हर्ट्झला जेमतेम ६.८ आणि ८००० हर्ट्झला १८.१ डेसिबल. सूत्राने शून्य म्हटले तेथे १.८५ आणि बारा म्हटले तेथे ६.८ असा हा फरक आहे, आणि तो सर्वस्वी टोकांच्या बेजुळणीचा आहे. सुट्या भागांच्या दर्जाशी त्याचा काही संबंध नाही.

पाचवी पायरी : एम-डिराइव्ड अर्धा भाग टोकांना लावणे

या अडचणीवरचा तोडगा कॅम्पबेल यांच्याच कंपनीतील ओटो झोबेल यांनी काढला आणि १९२३ मध्ये बेल सिस्टिम टेक्निकल जर्नलमध्ये मांडला. त्यांची युक्ती अशी की एकसर शाखेला शून्य ते एक यांमधील एम या संख्येने गुणायचे आणि टी-बाजूचा इमेज इम्पीडन्स तिळमात्र न बदलता राहावा अशी शंट शाखा शोधून काढायची. ती अट पाळताना शंट शाखेत कपॅसिटरबरोबर एक इंडक्टर एकसर जोडावा लागतो. टी-बाजू जशीच्या तशी राहिल्यामुळे हा भाग मूळ टी-भागाला बिनधोक जोडता येतो. आणि तो मधोमध कापून अर्धाच घेतला तर कापलेल्या, म्हणजे शंट बाजूचा इम्पीडन्स मात्र बदलतो :

आर × (१ − (१ − एम²) × ग²) ÷ √(१ − ग²)

येथे एम ०.६ घेतला तर अंश आणि छेद बराच काळ जवळजवळ एकाच वेगाने घटत राहतात. आपल्या आकड्यांत २००० हर्ट्झला ५८२ ओहम, ३२०० हर्ट्झला ५९० आणि ३६०० हर्ट्झला ६६३. शून्यापासून ३४०० हर्ट्झपर्यंत हा इम्पीडन्स ५७६ ते ६१२ ओहम या पट्ट्याबाहेर जात नाही. ज्या टोकावर आधी ६०० ला ३६० भेटत होते तेथे आता ५९० भेटतात. एम-साठी ०.६ हीच किंमत नेहमी का सांगितली जाते याचे कारण हेच, आणि ती पाठ करण्यापेक्षा एम ०.४ आणि ०.८ घेऊन हेच आकडे एकदा स्वतः काढून पाहावेत.

अर्ध्या भागाची मूल्ये अशी काढतात. एकसर इंडक्टर = एम × एल ÷ २, म्हणजे १४.३२ मिलिहेन्री. शंट शाखेतील कपॅसिटर = एम × सी ÷ २, म्हणजे ३९.८ नॅनोफॅरड. शंट शाखेतील इंडक्टर = (१ − एम²) × एल ÷ (२ × एम), म्हणजे २५.४६ मिलिहेन्री. ही शंट शाखा ज्या वारंवारतेला अनुनाद साधते तेथे ती शॉर्टसारखी वागते. ती वारंवारता एफ ÷ √(१ − एम²), येथे नेमकी ५००० हर्ट्झ. जुळणीसाठी लावलेल्या भागाने कटऑफलगतचा उतारही तीव्र केला, हा वरकड लाभ. अनुनादापलीकडे मात्र एम-डिराइव्ड भागाचे क्षीणन पुन्हा खाली येऊन एका मर्यादेवर स्थिरावते, म्हणून त्याच्यासोबत कॉन्स्टंट-के भाग ठेवावाच लागतो.

सहावी पायरी : सगळे भाग एकत्र जोडणे

क्रम असा ठेवा : उगमाकडे अर्ध्या भागाची शंट बाजू, मग त्याची एकसर बाजू, तिला लागून मूळ टी-भाग, मग दुसऱ्या अर्ध्या भागाची एकसर बाजू आणि शेवटी भाराकडे त्याची शंट बाजू. अर्धा भाग उलटा बसला तर एकाऐवजी दोन सांधे बिघडतात, म्हणून जोडण्यापूर्वी आकृतीवर प्रत्येक सांध्याशी ‘टी’ किंवा ‘शंट’ असे लिहून ठेवण्याची सवय लावून घ्यावी. लागोपाठ येणारे एकसर इंडक्टर एकत्र करता येतात : १४.३२ आणि २३.८७ मिळून ३८.२ मिलिहेन्री. हाती येते ते सर्किट असे :

उगमाशी शंट शाखा : २५.४६ मिलिहेन्री आणि ३९.८ नॅनोफॅरड एकसर
एकसर शाखा : ३८.२ मिलिहेन्री
मधली शंट शाखा : १३२.६ नॅनोफॅरड
एकसर शाखा : ३८.२ मिलिहेन्री
भाराशी शंट शाखा : २५.४६ मिलिहेन्री आणि ३९.८ नॅनोफॅरड एकसर

आदर्श घटक धरून ६०० ओहमच्या दोन रेझिस्टरांमध्ये याची घट काढली, तर ३२०० हर्ट्झला ती नगण्य, ३६०० हर्ट्झला सुमारे ०.०३ डेसिबल, ४००० हर्ट्झला २.८, ४४०० हर्ट्झला १८.६ आणि ८००० हर्ट्झला ३१.७ डेसिबल येते. नुसता टी-भाग ४४०० हर्ट्झला फक्त ४.४ डेसिबल देत होता.

हाय-पास हवा असेल तर इंडक्टर आणि कपॅसिटर यांच्या जागा बदलतात आणि सूत्रांत ३.१४१६ च्या जागी त्याची चौपट येते; बाकीचा विचार तसाच चालतो.

सातवी पायरी : बांधणी आणि मोजणी

कपॅसिटर जोडून मूल्य गाठणे सोपे असते : १०० आणि ३३ नॅनोफॅरड समांतर जोडून १३३, तसेच ३९ नॅनोफॅरडला ८२० पिकोफॅरड समांतर जोडून ३९.८. इंडक्टर मात्र एलसीआर मीटरवर शक्यतो कामाच्या वारंवारतेजवळ मोजावेत, कारण गाभ्याच्या इंडक्टरचे माप वारंवारता आणि प्रवाह यांनुसार बदलू शकते. गुंडाळीचा रोधही नोंदवा. ३८.२ मिलिहेन्रीच्या दोन्ही इंडक्टरांचा रोध प्रत्येकी १९ ओहम असेल, तर कमी वारंवारतेलाही त्यांच्यामुळे सुमारे ०.२७ डेसिबल घट येईल, आणि ती आखणीची चूक समजून मूल्ये बदलत बसू नये.

शंट शाखा सर्किटात बसवण्याआधी सुटीच जुळवा. ६०० ओहमच्या रेझिस्टरमधून तिला सिग्नल द्या आणि तिच्यावरील व्होल्टेज ५००० हर्ट्झला किमान होईपर्यंत इंडक्टरचा गाभा हलवा. ते व्होल्टेज शून्यावर येणार नाही. गुंडाळीचा रोध तेवढा शिल्लक राहतो.

मोजणीच्या वेळी सिग्नल जनरेटरचा आंतरिक रोध तपासा. तो ५० ओहम असेल तर ५५० ओहमचा रेझिस्टर एकसर जोडूनच फिल्टरला ६०० ओहमचा उगम मिळतो. आणि मापनयंत्राचा इम्पीडन्स मोठा असल्यामुळे भाराच्या जागी ६०० ओहमचा रेझिस्टर वेगळा लावावा लागतो. फिल्टर काढून उगम आणि भार थेट जोडून आधी एक माप घ्या, आणि पुढची सर्व मापे त्याच्याशी ताडून डेसिबलमध्ये मांडा.

वक्र अपेक्षेप्रमाणे आला नाही तर पुन्हा पहिल्या पायरीकडे वळावे. एकसर इंडक्टर एकत्र केलेले नसतील तर मधला टी-भाग सुटा करून २००० हर्ट्झला त्याचे मोकळ्या आणि शॉर्ट टोकाचे माप घ्यावे : उणे ३०० आणि अधिक ९०० ओहमच्या आसपास आकडे आले तर तो भाग निर्दोष आहे आणि दोष टोकांच्या अर्ध्या भागांत शोधावा, नाही आले, तर आधी २३.८७ च्या जागी चुकून ४७.७५ मिलिहेन्री बसलेले नाहीत ना, ते पाहावे.